भरतीचं गाणं

डॉक्टरांनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा स्वतःच्या कोपरावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. त्याला ट्युनिंग फोर्क म्हणतात. "आवाज कोणत्या कानात येतो?" त्यांनी मोठ्याने विचारलं. मी उजव्या कानाकडे बोट केलं, म्हणजे डाव्यात काहीच येत नव्हतं. माझा उजवा कान लहानपणी वाहायचा, तेव्हापासून तो अर्धाच. सगळा कारभार डाव्यावर होता.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे कानाचा अगदी आतला भाग किंवा तिथली नस अचानक कामातून जाणं. "का होतं ते बहुतेक वेळा कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "लवकर आलं तर बरंच परत मिळू शकतं. तुम्ही जरा उशिरा आलात."

मी अमडापूरला बायकांचे ब्लाउज शिवते. त्याआधीच्या आठवड्यात एका सकाळी उठले, तर डावा कान बंद, आत कुकरची शिट्टी सुरू आणि थांबायचं नाव नाही. फोन आला, डाव्या कानाला लावला, पलीकडून चकार शब्द नाही. मी फोनवरच खेकसले. मळ साचला असेल म्हणून लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. फरक नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, कान अचानक बंद झाला तर स्वयंपाकघरात जाऊ नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा.

बुलढाण्याच्या चकरा सुरू झाल्या. आधी स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी तोंड सुजलं आणि भूक अशी लागली की आमचे हे भाकरी थापली की आधी स्वतःची बाजूला काढून ठेवायचे. मग इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शन, म्हणजे कानाच्या पडद्यातून बारीक सुईने आत औषध सोडणं. त्यानंतर कुशीवर पडून राहायचं आणि आवंढा गिळायचा नाही. गिळू नका म्हटलं की जन्मात आले नसतील एवढे आवंढे येतात.

दर वेळी ऑडिओमेट्री व्हायची. बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, टूं वाजलं की बटण दाबायचं. मला वाजलेलंही ऐकू आल्यासारखं वाटायचं आणि न वाजलेलंही. बाहेरच्या बाकावर सगळे एकमेकांशी ओरडून बोलायचे. कानाच्या दवाखान्यात कोणाचंच गुपित राहत नाही. कोणाच्या सुनेचं काय आणि कोणाच्या जमिनीचं काय, ते मलासुद्धा कळत होतं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "औषधाने जेवढं यायचं तेवढं आलं. आता यंत्र लावून बघू." त्यांनी अकोल्याच्या एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकणं तपासून यंत्र बसवून देणारे.

मॅडमनी डाव्या कानाला यंत्र बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, "यंत्र आवाज मोठा करतं. तो आवाज कशाचा, शब्द कोणता, ते मेंदूला पुन्हा शिकावं लागतं. काही महिने सराव करा. तरी शब्द समजले नाहीत तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार करू." म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बारीक तार बसवायची. त्यात कानात उरलंसुरलं स्वतःचं ऐकणं जाऊ शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही. त्या उरल्यासुरल्यावर माझा जीव होता. तो कान मला सोडायचा नव्हता.

सराव कशाने करू, विचारलं तर म्हणाल्या, "घरात बोला, बातम्या ऐका, गाणी ऐका." गाणी म्हटल्यावर मी खुलले. गाणी माझ्याकडे रगड होती.

लग्नानंतर हे कापसाच्या गाडीवर मलकापूरला जायचे. स्टेशनजवळ एक रेकॉर्डिंगचं दुकान होतं. मी सांगेन ती गाणी तिथला दुकानदार कोऱ्या कॅसेटमध्ये भरून द्यायचा. भजनं, कव्वाल्या, सिनेमाची गाणी, लावण्या. गाणी संपून कॅसेटमध्ये जागा उरली की तो आपल्या पसंतीचं काहीतरी टाकायचा. आम्ही त्याला भरतीचं गाणं म्हणायचो. मला त्याचा भारी राग. पैसे माझे आणि पसंती त्याची! भरतीचं गाणं लागलं की मी मशीनवरून उठून टेप बंद करायची. पुढे साऱ्या कॅसेटी आम्ही मेमरी कार्डात उतरवून घेतल्या. भरतीची गाणीही त्यात आपसूक आली.

तर ते कार्ड विजेवरच्या स्पीकरमध्ये घालून मी रोज गाणी लावू लागले, नेहमीच्या क्रमाने, भरतीचं यायच्या आधीच पुढचं लावून. सकाळी भजनं, दुपारी बाकीची. सुरुवातीला सगळं डब्यात खडे हलवल्यासारखं वाजे. मग एकेक गाणं ओळखू यायला लागलं. शब्दही कळायला लागले. मी मॅडमना फोनवरून कळवून टाकलं की मला सगळी गाणी समजतात.

हिवाळ्याची दुपार होती. मी दारात मशीन ओढून गळ्याला पायपिंग लावत होते. पाय मशीनवर आणि तोंडाने स्पीकरच्या मागे गाणं. हे बाहेरून आले आणि समोर उभे राहून माझ्याकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"अवं, लाइट जाऊन अर्धा घंटा झाला," हे म्हणाले. "तू कोनाच्या मांगं गाऊन राह्यली?"

मी स्पीकरकडे पाहिलं. त्याचा लाल दिवा विझलेला होता. आणि खरं सांगते, मला गाणं तेव्हाही ऐकू येत होतं.

त्या दिवशी मी खूप रडले. कान गेला त्या दिवशीही एवढी रडले नव्हते. म्हणजे इतके दिवस मी ऐकलं काहीच नव्हतं. पाठ होतं ते आठवत होते.

अकोल्याला जाऊन मॅडमना हे सांगताना मान वर होईना. त्या हसल्या. "तुमची काही चूक नाही. मेंदू गाळलेल्या जागा भरतो. ओळखीचं गाणं ओळखीच्या क्रमाने लावणं म्हणजे फुटलेला पेपर. पुढचा प्रश्न आधीच माहीत. आता शफलवर लावा." शफल म्हणजे पत्ते पिसतात तशी गाणी पिसणं. पुढचं कोणतं येईल ते मोबाइललाच माहीत.

पत्ते म्हटल्यावर यांना हुरूप आला. कार्ड मोबाइलमध्ये घातलं, शफल लावलं आणि माझी परीक्षा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी जवळजवळ नापास. शिवाय हे गाण्याबरोबर ओठ हलवायचे आणि मी ते बघून उत्तर द्यायची. ते लक्षात आल्यावर हे पाठ करून बसायला लागले.

शफलला काळवेळ नाही. मी देवापुढे दिवा लावावा आणि तिकडे लावणीने ठेका धरावा. कव्वालीच्या पाठीला लागून माझ्या नणंदेच्या वरातीतला बँड, त्याच्यामागून भूपाळी. किती गाणी आपल्याकडे आहेत हेच मी विसरले होते. वर्षानुवर्षं त्याच त्या आठ-दहा गाण्यांवर संसार केला की मी!

पण ज्या गाण्यांवर जीव टाकला ती आता ऐकवेनात. यंत्रातून त्यांच्यातली सारंगी पत्रा खरवडल्यासारखी येते. मॅडम म्हणाल्या, काही वाद्यं अशीच वाटतील, कदाचित कायम. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. ढोलकी आणि एकटा गळा असलेली गाणी मात्र हळूहळू उमटू लागली. कधी मुखड्याला ओळखायची, कधी पार शेवटी.

तरी शंका पाठ सोडेना. ओळखलं, ते कानाने की आठवणीने? ऑपरेशनचं ठरवायची तारीख जवळ आली होती.

एका सकाळी एक गाणं लागलं. बायांचा आवाज, मागे नुसत्या टाळ्या. मला काही ओळखू येईना. हे पाठ करून बसलेले. मी काज करायचं थांबवलं आणि कान दिला. एक बाई म्हणत होती,

बाजाराले धाडला बाई, लुगडं आन म्हनलं,
बैलाची झूल आनली, म्हने तुह्याच मापाची!

मी फस्सकन हसले. त्याच क्षणी यांची पाठही गदगदली.

हे वळले. "काय म्हने वं ते?"

"तुह्याच मापाची," मी म्हटलं.

यांनी गळ्यातला रुमाल काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "हे त त्या मलकापूरवाल्याचं भरतीचं हाय. तू त हे कधीच वाजू नाही देलं."

कधीच नाही. पहिल्या टाळीला मी टेप बंद करायची. त्यामुळे आठवायला माझ्याकडे काही नव्हतंच. आलं ते कानातूनच आलं.

अकोल्याच्या तपासणीत यंत्र लावून मला बरेच शब्द सांगता आले. मॅडम म्हणाल्या, "सध्या ऑपरेशन नको. सराव सोडू नका." डॉक्टरांचे, मॅडमचे आभार मी तोंडावर मानले आहेत. यांचे मानले तर चिडवतील, म्हणून इथेच मानते.

एकाचे राहिले. मलकापूरला त्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तो दुकानदार कुठे असतो, कोणाला सांगता आलं नाही. त्याला मी आयुष्यभर नावं ठेवली. त्याने स्वतःच्या पसंतीने भरलं, तेवढंच माझ्यासाठी न ऐकलेलं राहिलं होतं.