दहावीचा चित्रकलेचा तास

ड्रॉइंग मास्तरकडं किस्से आपोआप साठतात. त्याला काही काम नसतं अशी सगळ्या शाळेची खात्री असते, त्यामुळं जो तो येऊन काहीतरी सांगून नाहीतर करून जातो. मी बेळगावात, शहापूरच्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो. यंदा दहावीचा माझा तास गणिताला द्यायचं घाटतंय. तो गेला की माझे तास कमी पडतात आणि मी 'जादा शिक्षक' ठरून दुसऱ्या शाळेत जातो. मला जायचं नाही.

*

तसा तो तास कागदावरच माझा आहे. गणिताचे पाटील सर दारात येतात. "सर, पोर्शन राहिलाय, आजचा तास द्या की." मी देतो. भिडस्त माणूस!

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी वर्गाला विचारलं, "तुमचे ड्रॉइंग सर कोण?"

सगळ्या वर्गानं पाटील सरांकडं बोट केलं.

*

त्या वेळी मी कुठं होतो? विज्ञानाच्या कुलकर्णी मॅडमच्या वर्गात, फळ्यावर हृदय काढत. मॅडमनी एकदा स्वतः काढलं होतं आणि "हे काय आहे?" असं विचारलं होतं. वर्ग म्हणाला, "वांगं!" तेव्हापासून सगळे अवयव माझ्याकडं आहेत.

स्टाफ मीटिंगमध्ये "दहावीला ड्रॉइंगचा उपयोग काय?" हे मॅडमनीच विचारलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, उद्या किडनी आहे हं."

*

सदलग्याचे एक आप्पा. पोरगा आत्याकडं शहापुरात राहून शिकतो. निकाल लागला तसे थेट माझ्याकडं आले. पोरगा चित्रकलेत पहिला, गणितात नापास.

"सर, तुमच्याकडं मार्क लई झाल्यात. त्यातलं थोडं गणितात टाका की!"

"आप्पा, असं टाकता येत नाही."

"का? शाळा एकच हाय न्हवं?"



*

'माझं गाव' म्हटलं की पोरं दोन डोंगर काढतात, मधून सूर्य, खाली नदी. एकदा चिडून म्हणालो, "घरी जा, दारात बसा आणि दिसतंय तेच काढा!"

पिरनवाडीच्या सानिकानं अर्धवट बांधलेली घरं, खडीचे ढीग आणि पाण्याच्या टँकरखाली झोपलेलं कुत्रं काढून आणलं. मी बघतच राहिलो. खरं सांगतो, डोळे भरून आले. एवढ्यासाठीच तर हा तास हवा.

पाटील सरांनी डोकावून विचारलं, "डोंगर कुठाय गं?"

"त्येचं प्लॉट पाडल्यात, सर."

*

शेवटी पालकसभा ठरली. विषय एकच, दहावीचा चित्रकलेचा तास बंद करणे. हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"सर, सभेचा बोर्ड तुम्हीच काढा. अक्षरं ठळक. कडेनं वेलबुट्टी चालेल."

काढला. वेलबुट्टीतही कसूर केली नाही.

सभेत हेडमास्तरांनी विषय मांडला, तास गेला की मी दुसऱ्या शाळेत जाणार हेही सांगितलं. पाटील सरांनी अनुमोदन दिलं. "कुणाची हरकत?" असं विचारल्यावर मागून एक आक्का उठल्या.

"हरकत न्हाय. पर त्यो बोर्ड कुणी काढलाय?"

"आमच्या ड्रॉइंग सरांनीच."

"लई झ्याक झालाय. मग सर गेल्यावर पुढच्या सभंचा बोर्ड कोण काढणार?"

हेडमास्तरांनी पाटील सरांकडं बघितलं. पाटील सरांनी पंख्याकडं बघितलं. आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला!

सगळे गेल्यावर मी बोर्ड पुसायला ओलं फडकं घेतलं. तेवढ्यात हेडमास्तर धावत आले.

"अहो सर, पुसताय काय! वरची तारीख तेवढी बदला."