काळ्या भिंगावरची वाफ

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गुरुदत्त सामंत पिवळ्या दिव्याखाली वाकून बसले होते. अंगात पांढरा डगला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. समोर बासष्ट मिलिमीटर व्यासाचं भिंग आणि त्यावर अलगद टेकवलेली तपासणीची काच. दोहोंमधल्या हवेच्या फटीत पिवळ्या-काळ्या कड्या उमटल्या होत्या, कापलेल्या बुंध्यात असतात तशा. कड्या गोल आल्या की घासकाम बिनचूक समजायचं. या गोल होत्या. काचेच्या कडेजवळ बोट नुसतं नेलं तरी त्याच्या उबेनं कड्या सरकू लागतात. गुरुदत्तांनी बोट नेलं, कड्या हलल्या. बोट मागे घेतलं, थोड्या वेळानं त्या जागेवर आल्या. हे तपासणीत मोडत नाही. त्यांना ते बघत बसायला आवडतं.

भिंग काचेचं नव्हतं, जर्मेनियमचं होतं. दिसायला स्टीलच्या ताटलीसारखं, हाताला जड. उजेडासमोर धरलं तर आरपार काही दिसत नाही. स्वतःचाच चेहरा दिसतो, तोही काळपट. पण उष्णतेचे किरण त्यातून खुशाल निघून जातात. डोळ्याला भिंत आणि उबेला खिडकी, अशी ती वस्तू.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या या छोट्या कारखान्यात अशी तीन भिंगं घासायची ऑर्डर होती. ती उपग्रहावर बसणाऱ्या एका यंत्रासाठी होती. साउंडर म्हणतात त्याला. ते वरून पृथ्वीकडे बघतं आणि हवेतून येणारी उष्णता निवडून वेगळी करतं; त्यावरून कुठल्या उंचीवर हवा किती गरम, किती दमट, ते कळतं. तिन्हींपैकी एक भिंग वर जाणार, एक जमिनीवरच्या चाचण्यांना लागणार आणि एक कपाटात राहणार. कुठलं कुठे, हे घासणाऱ्याला सांगत नाहीत. पहिले दोन नग गेले होते. तिसरा आज दुपारी तीनच्या गाडीनं लेप चढवायला पुढे जायचा होता. तपासणीत तो पास झाला होता, वहीवर सही झाली होती.

त्यात खोट आहे हे फक्त गुरुदत्तांना माहीत होतं.

ती त्यांना कळली सोमवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी. क्लीन रूममध्ये, म्हणजे धुळीला मज्जाव असलेल्या तपासणीच्या खोलीत, ते एकटेच होते. नग डबीत ठेवण्याआधी त्यांनी तो एकदा वर धरला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि भिंगावर तोंडाची वाफ सोडली. चष्म्यावर सोडतात तशीच. भिंग पांढुरकं झालं. मग वाफ कडेकडून आत आत आटत गेली आणि सगळं लख्ख झालं. फक्त मध्याच्या जरा डावीकडे केसाएवढी एक रेघ दीड-दोन सेकंद मागे राहिली. मग तीही गेली.

स्वच्छ पृष्ठभागावरून वाफ सारखी उडते. जिथे ती अडते तिथे काहीतरी असतं. हे त्यांना उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, परसराम शेठच्या चष्म्याच्या दुकानात शिकायला मिळालं. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत गुरुदत्तांनी सव्वीस वर्षं काचा घासल्या. शेठ सिंधी माणूस, गिऱ्हाइकाशी गोड आणि कारागिराशी कमी बोलायचा. "गुरू, पहले भाप, फिर कपड़ा," एवढं एकच वाक्य त्यानं पहिल्या महिन्यात रोज ऐकवलं. सव्वीस वर्षांत किती काचांवर वाफ सोडली याचा हिशोब नाही. पुढे यंत्रावर कापलेली तयार प्लॅस्टिकची भिंगं आली, मागच्या खोलीत फ्रेमांची खोकी आली, आणि गुरुदत्त अंबरनाथला आले. त्याला आता नऊ वर्षं झाली. वय अठ्ठावन्न.

इथे वाफेला बंदी आहे. तोंडातून वाफेबरोबर थुंकीचे कण येतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, आणि लेप चढवताना ते आड येतात. लागल्यावर पहिल्याच वर्षी गुरुदत्तांनी सवयीनं वाफ सोडली आणि पकडले गेले. मालकांनी लिहून घेतलं: पुन्हा असं आढळल्यास काम बंद. त्या कागदावर त्यांची सही आहे. आठ वर्षं त्यांनी तो पाळला. सोमवारी मोडला. हातातला नग जरा जास्तच चांगला वाटला, एवढंच ते सांगू शकले असते.

संध्याकाळी बदलापुरात, हेंद्रेपाड्याच्या घरी ते जेवायला बसले, तेव्हा बायकोनं, कुमुदिनीनं, दोनदा आमटी वाढली आणि ती दोनदा तशीच निवली.

"कुठे बघताय हो?"

"कुठे नाही. समज, एखाद्याला खोट दिसली. पण बघायचं नाही अशा रीतीनं बघून दिसली."

"शेजाऱ्यांच्या घरात?"

"अगं, भिंगात."

"मग सांगून टाका."

"सांगितलं तर विचारतील, दिसली कशी."

"तेही सांगा. खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही, कान लाल होतात तुमचे."

"काम गेलं तर?"

"तर घरी बसून माझे चष्मे पुसा. तीन आहेत, तिन्ही मळलेत."

गुरुदत्त हसले नाहीत, पण आमटी संपवली.

ही सगळी हकिगत डोक्यात ठेवून ते मंगळवारी सकाळी कड्या बघत होते. कड्यांत ती रेघ दिसत नव्हती. आकार बिनचूक असला आणि एक बारीक ओरखडा असला, तर कड्यांना त्याचा पत्ता लागत नाही. गप्प राहिलं तर नग जाईल. कदाचित कपाटातच राहील. कदाचित वर जाईल. मग तिथल्या थंडीत त्या ओरखड्यापासून लेप सुटायला लागेल. वर जाऊन कोणी पुसणार नाही.

वर म्हणजे कुठे, याचं एक चित्र त्यांच्या मनात दोन वर्षांपासून होतं. ते राजसीमुळे आलेलं. राजसी ही इथली तपासनीस, एकोणतीस वर्षांची, फिजिक्स शिकलेली, कात्रपहून स्कूटरनं येणारी. एकदा डबा खाताना तिनं सांगितलं होतं, "काका, उष्णतेलाही रंग असतात. आपल्याला दिसत नाहीत इतकंच. हे यंत्र हजारो रंग वेगळे करतं. काही रंग जमिनीजवळच्या हवेतून येतात, काही पाच किलोमीटरवरून, काही दहा."

"म्हणजे चिरोट्यासारखं," गुरुदत्त म्हणाले होते. "पापुद्रा न पापुद्रा."

"तसंच. फक्त चिरोटा मोडायचा नाही."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ते कारखान्यामागच्या कठड्यावर बसत आणि वर बघत. मलंगगडाच्या अंगानं ढग सरकत असे. इतर लोक ढग बघत. गुरुदत्त ढग नसलेली जागा बघत. खाली पत्र्यांच्या छपरांची तापलेली हवा, तिच्यावर नदीकडून आलेली ओल, तिच्यावर कोरडा थर, त्याच्यावर आणखी पातळ, आणखी गार. एकावर एक, कुणी न लाटलेले पापुद्रे. कधी डोळा लागे, आणि मग आपणच त्या थरांमधून सावकाश वर चाललोय असं वाटे. कानाशी आधी ऊब, मग गारवा, मग काहीच नाही. जितेश भांडं वाजवून उठवायचा. जितेश शेजारचं मशीन चालवतो. "काका, कितव्या मजल्यावर पोचलात?" असं विचारायचा, आणि गुरुदत्त खरंच सांगायचे, "आज चौथ्या."

राजसी नऊ वाजता आली. हेल्मेट ठेवते न ठेवते तोच ते तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"मॅडम, तीन नंबरचा नग पाठवू नका."

"का? काल पास केलाय मी."

"ओरखडा आहे. मध्याच्या डावीकडे. तीन मिलिमीटर असेल."

"मायक्रोस्कोपखाली काही नव्हतं."

"नव्हतं."

"मग तुम्हाला कसा दिसला?"

"वाफेनं."

"कसली वाफ?"

"तोंडाची."

मोरीपाशी घासायच्या पावडरीच्या वाट्या धुणाऱ्या जितेशनं नळ बंद केला. "काका, संपलात तुम्ही," तो म्हणाला, पण हळू.

राजसीनं वही ओढली. "कधी?"

"काल. पाच वीसला."

"मास्क?"

"खाली ओढला होता."

तिनं तिन्ही गोष्टी लिहिल्या, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "चला."

क्लीन रूममध्ये तिनं नग मायक्रोस्कोपखाली ठेवला. वीस मिनिटं पाहिलं. सांगितलेल्या जागेपासून सुरुवात करून सगळीकडे पाहिलं. काही नव्हतं. गुरुदत्त भिंतीशी हात मागे बांधून उभे. त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की ती रेघ आपल्या डोळ्यातली तर नसेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी डोळे काय वाटेल ते दाखवतात, आणि आपण त्यापायी काम घालवून बसलो.

"परत करून दाखवा," राजसी म्हणाली.

"मॅडम, नियम..."

"नियम मोडून झालाय. नग तसाही पुन्हा धुवावाच लागणार."

त्यांनी नग कडेनं धरला, मास्क खाली ओढला आणि वाफ सोडली. राजसीनं मान तिरकी करून जवळून बघितलं. पांढुरकेपणा कडेकडून आटत आला, मधला शेवटचा ठिपका गेला, आणि डावीकडे रेघ राहिली. एक सेकंद. दीड. गेली.

राजसी सरळ झाली. तिनं नग परत मायक्रोस्कोपखाली ठेवला, आणि यावेळी पाव वळसा फिरवला. रेघ चमकली. दिवा एकाच बाजूनं येतो. ओरखडा उजेडाच्याच दिशेनं गेलेला असेल तर तो उजळत नाही. नग फिरवून बघायचा असतो. सोमवारी तो फिरवायचा राहून गेला होता.

बाहेर येऊन तिनं वहीत आधी ते लिहिलं: तपासणी एकाच स्थितीत केली, चूक माझी. खाली सही. मग पुढचा रकाना आला, दोष कसा आढळला. तिथे पेन थांबलं.

"दैवी कृपा लिहा," जितेश म्हणाला.

"तू वाट्या धू."

तिनं लिहिलं, तोंडाची वाफ. अक्षर स्वच्छ, नेहमीच्या आकाराचं.

मालक अकराला फोनवर येणार होते. तोवर करण्यासारखं काही नव्हतं. दहाच्या आगेमागे राजसीनं घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "आता एक उपग्रह वरून जातोय. दुसऱ्या देशाचा आहे, पण असंच यंत्र आहे त्याच्यावर. आठशे किलोमीटर उंचीवर." ती हे अधूनमधून सांगत असे, कोणी वर बघत नसे, कारण दिसत काही नाही.

गुरुदत्त दारापाशी गेले. समोरच्या टपरीवर चहाच्या पातेल्यातून वाफ निघत होती. पुढे कपडे रंगवणाऱ्या कारखान्याच्या नळकांड्यातून निघत होती. बदलापुरात कुमुदिनीनं यावेळी भात लावलेला असणार, कुकरची वाफ खिडकीतून बाहेर. शहाडपासून वांगणीपर्यंत लाखो माणसं श्वास सोडत होती, आणि ते सगळं मिसळून, पातळ होऊन, पापुद्र्यांत चढत होतं. वरचं यंत्र एका नजरेत बारा-पंधरा किलोमीटर रुंदीचा ठिपका घेतं. त्यात एका माणसाची वाफ मोजली जात नाही. गुरुदत्तांना हे माहीत होतं. तरी ते दोन मिनिटं तोंड मिटून, नाकानं हळूहळू श्वास घेत उभे राहिले, फोटो काढताना माणसं राहतात तसे.

मालकांचा फोन अकरा वाजून पाच मिनिटांनी आला. राजसीनं सगळं सांगितलं, स्वतःचं आधी. मालकांनी तीन गोष्टी सांगितल्या. तीनच्या गाडीला नकार कळवायचा. नग नव्याने घासायचा, चार दिवस लागले तरी चालतील, तो गुरुदत्तांनीच घासायचा. आणि आजपासून गुरुदत्तांनी क्लीन रूममध्ये पाऊल टाकायचं नाही. शेवटचं धुणं आणि डबीत भरणं जितेश करेल. जुना कागद फाडणार नाही, असंही ते म्हणाले. तो फायलीतच राहील.

"म्हणजे काकांचे हात कामात आणि तोंड बाहेर," जितेशनं सारांश काढला.

"तुझं उलट आहे," गुरुदत्त म्हणाले.

पांढरा डगला त्यांनी घडी करून खुंटीखालच्या फळीवर ठेवला. पिवळा दिवा आतच राहणार होता, कड्याही. नऊ वर्षांत ते रोज त्या दिव्याखाली बसले होते. दारावरच्या काचेतून आतला उजेड दिसतो, कड्या दिसत नाहीत. त्यांनी एकदा वाकून खात्री करून घेतली.

दुपारी राजसी बाहेरच्या, घासकामाच्या हॉलमध्ये आली. "काका, घासून झाल्यावर, धुण्याआधी, इथे बाहेर वाफ सोडली तर नियमात बसतं का, ते मी विचारलंय. उत्तर आलेलं नाही."

"बरं," गुरुदत्त म्हणाले. त्यांच्या हातात तिसरा नग होता. त्याच्या कडेवर, ओरखडा ज्या बाजूला होता तिथे, त्यांनी पेन्सिलीनं बारीक खूण केली आणि तो कापडात गुंडाळून खणात ठेवला.

भिंग घासायची थाळी पिचची असते. पिच म्हणजे राळेसारखा काळा, चिवट थर. गार असताना दगड, ऊब लागली की भिंगाचा आकार घेतो. उद्या बुधवार. सकाळी साडेसातला ती थाळी गरम पाण्यात ठेवायची आहे. मऊ पडायला तिला चाळीस मिनिटं लागतात. आठ वाजून दहाच्या आधी तिच्यावर भिंग टेकवता येत नाही.