खाऱ्या टाकीतलं शेवाळ

कोल्हापुरात राहून घरात समुद्र पाळायचा, हा माझा खुळचट हट्ट. दोन हजार सालानंतरची गोष्ट. काचेची मोठी टाकी घेतली, मुंबईच्या दुकानातून खास मीठ आणलं, दगड आणले, बोटभर उंचीची प्रवाळं आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणले. आप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. ते म्हणाले, "एवढं डोकं नोकरीत लावलं असतंस तर सायेब झाला असतास की." पण पंपाची घरघर त्यांनीच बंद करून दिली.

मग आप्पांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. रेडिएशनचे शेक देऊन झाल्यावर त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत टाकीला लागूनच टाकली, तेवढाच त्यांना विरंगुळा. टाकी वरून उघडी होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "खाणं कमी झालं की त्याच दिवशी सांगा. पोटात नळी घालू. अंगात ताकद आहे तोवरच ते जमतं." तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचे डोळे आप्पांच्या ताटावर.

आई त्यांच्यासाठी सालीच्या मुगाची खिचडी मऊ घोटून करायची. कुणी बघत असलं की ठसका लागतो, असं ते म्हणायचे, म्हणून ताट ठेवून ती आत जायची. परत येईपर्यंत ताट लख्ख. ते ताट ती मला मुद्दाम दाखवायची.

त्याच सुमाराला टाकीत शेवाळ माजलं. केसांसारखं लांब, हिरवंगार. दर रविवारी मी दात घासायच्या ब्रशानं दगड घासायचो, अर्धं पाणी बदलायचो, आणि गुरुवारपर्यंत पुन्हा जैसे थे. आधी खिडकीतल्या उन्हावर संशय घेतला, मग नळाच्या पाण्यावर, मग मिठावर. सायबर कॅफेत बसून कागदांची चळत छापून आणली. टेस्ट किटमधले थेंब टाकून पाण्यातलं नायट्रेट बघायचो, तर नळीतला रंग दर वेळी लालभडक. माझं डोकं फिरायचं. एवढं नायट्रेट कुजक्या अन्नाशिवाय येत नाही, हे त्या कागदांत लिहिलेलं होतं. मी माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. तरी मासे फुगतच चालले होते.

"समुद्र आणाय गेलास आन् रंकाळा केलास की," आप्पा उशीला टेकून म्हणायचे. मला हसू यायचं नाही.

त्यांचं वजन उतरत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "खातात ना नीट?" मीच छातीठोकपणे सांगितलं, "ताट पुसून खातात." डॉक्टर म्हणाले, "मग आजारच खातोय." आणि टॉनिक बदलून दिलं.

एका रविवारी आई देवळात गेली होती. मी चिडून सगळे दगड बाहेर काढायला घेतले. कॉटच्या बाजूचा मोठा दगड उचलला आणि घाण वास सुटला. खाली काळा गाळ होता. त्यात मुगाची हिरवी सालं होती. मूठभर.

मी ओल्या हातानं तसाच उभा राहिलो. आप्पा माझ्याकडे बघत होते.

"गिळवत न्हाय रं," ते म्हणाले. "पाण्याचा घोट तेवढा उतरतोय."

"मग सांगायचं नाही का आप्पा? मी डॉक्टरला काय सांगत बसलोय!"

"तुझी आई रडती. ताट रिकामं दिसलं की जेवती तरी. आन् ती नळी मला नको हुती."

मला त्यांचा इतका राग आला, की ओरडावंसं वाटलं. त्याहून जास्त स्वतःचा आला. पाण्याच्या थेंबाथेंबाची तपासणी करणारा मी, हातभर अंतरावर माणूस उपाशी मरत होता ते मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी आप्पांना तपासलं आणि म्हणाले, "आता नळी सोसणार नाही." उशीर झाला होता.

त्या दुपारी आईनं नेहमीसारखं ताट आणून ठेवलं. "सावकाश जेवा," म्हणाली आणि आत गेली. आप्पांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ताट ओढलं आणि भराभरा खाल्लं. बिनतिखटाची, घोटलेली खिचडी, चार घासांत संपवली. तोंड पुसलं. आई आली, ताट बघून तिचा चेहरा उजळला. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

पुढे रोज दोन्ही वेळा मीच जेवलो. तीन आठवड्यांत शेवाळ गेलं, काच स्वच्छ झाली. येणारे-जाणारे टाकीचं कौतुक करायचे. त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पा गेले.

तेराव्याला पाहुण्यांनी घर भरलं होतं. आई डोळे पुसत एकेकाला सांगत होती, "लई वाळलं हुतं, पर उपाशी न्हाय गेलं. शेवटच्या दिसापतोर ताट पुसून जेवत हुतं. ह्यालाच इचारा की, ह्यो जवळच बसायचा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," मी म्हणालो. "जेवत होते."