चराईच्या कागदावरचा अंगठा

डॉक्टर उर्दूत म्हणाले, "तुमच्या भावाला स्किझोफ्रेनिया झाला आहे." या आजारात नसलेले आवाज कानावर येतात आणि माणसाला ते खरेच वाटतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. दादा तेव्हा बाहेर बाकावर बसला होता. मेंढरांच्या चराईचा परवाना मिळायची वाट पाहत.

कारण मी त्याला तसंच सांगून आणलं होतं.

आमचं गाव आष्टीजवळ. घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. मी कॉलेजात असताना दादाचं जेवण सुटलं. भाकरीत कुणीतरी विष घालतं, असं तो म्हणायचा. मेलेल्या वडिलांशी तो बांधावर बसून बोलायचा. दवाखान्याचं नाव काढलं की पळायचा. म्हणून मी परवान्याची थाप मारली आणि परतूरहून आगगाडीनं त्याला जालन्याला वेड्यांच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी कार्डियाझोल नावाचं इंजेक्शन सुचवलं. औषध शिरेत गेलं की फेफऱ्यासारखे झटके येतात, त्यानंतर काही रुग्ण सुधारतात. झटका येण्याआधी क्षणभर मरणाची भीती वाटते, हेही त्यांनी लपवलं नाही. "तुमची सही लागेल. त्यालाही समजावून सांगा. कबूल असेल तर अंगठा घ्या."

मी कागद घेऊन बाहेर आलो. दादानं विचारलं, "किती मेंढरं लिवलीस?"

"साठ."

"पासष्ट हायेत, येड्या. कालेजात हेच शिकवतेत व्हय?"

तो किती दिवसांनी हसला होता. मी पासष्ट लिहिल्यासारखं केलं. त्यानं अंगठा दिला. परवाना सकाळी मिळेल असं सांगून मी त्याला रात्री तिथंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई दिसताच दादा खाटेवरून उठला. "म्या न्हाई घेत!" दोन नोकरांनी त्याला धरलं. डॉक्टर थांबले. त्यांनी कागद पुढं धरला आणि मोडक्या मराठीत विचारलं, "हा तुझाच अंगठा ना?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. "दत्तू, ह्यो चराईचा कागद हाय. सांग की साहेबाला."

डॉक्टरांनी मला विचारलं, "समजावलं होतं ना?" मी होकारार्थी मान हलवली. मग मी त्याचे पाय खाटेवर दाबून धरले. औषध आत गेलं तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो लिहायचं मी दोनदा टाळलं. आताही लिहीत नाही.

अशी सात इंजेक्शनं झाली. तिसऱ्यानंतर तो जेवायला लागला. पाचव्यानंतर त्यानं मेंढरांची विचारपूस केली. आवाज थांबले. त्या डॉक्टरांचे आणि दादाचं तोंड पुसणाऱ्या, त्याला भरवणाऱ्या नोकरांचे उपकार मी विसरणार नाही. औषधाला मी दोष देत नाही.

घरी सोडायच्या दिवशी मी सगळं सांगितलं. दादानं आपला अंगठा बघितला. मग म्हणाला, "म्या बरा झालो म्हून तू सुटलास व्हय?"

मनात मी तसंच धरून बसलो होतो.

तुमच्या घरात असा आजार आला तर दवाखान्यात न्या, उशीर करू नका. तो नको म्हणेल. कदाचित धरूनही न्यावं लागेल. पण कुठं नेताय आणि काय करणार आहेत, ते त्याला सांगा. त्यानं शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. मी त्या शिव्या टाळल्या आणि माझ्या सोयीला त्याचं भलं म्हणालो.

दादा आता मेंढरं राखतो, माझ्याशी नीट बोलतो. पण सरकारी कागद आला की माझ्या समोरून उठतो आणि तो वाचून घ्यायला दोन कोसांवरच्या मास्तरांकडं जातो. मी सुट्टीत घरी असलो तरीही. जाताना त्याला मी हाक मारत नाही.