पाद्रीबाबांचं जातं
गिरणीतून दळण आणताना गरम पिठाचा वास आला, आणि निजामाच्या अमलातलं पाद्रीबाबांचं स्वयंपाकघर आठवलं. बाप्तिस्म्याआधी प्रभूची प्रार्थना तोंडपाठ म्हणून दाखवावी लागे. आम्हा सासू-सुनांना वाचता येत नव्हतं. पहाटे जात्यावर बसून ओवीसारखी ती पाठ केलेली. मी धडाधड म्हणून दाखवली. सासूबाई मात्र आधीही अडखळून परत आल्या होत्या, आणि त्या दिवशीही पहिल्याच ओळीला अडल्या. "पुढच्या साली बघू," पाद्रीबाबा हळूच म्हणाले. सासूबाईंनी पदर खोचला. "बाबा, घरात जातं हाय का? हात फिरल्याबिगर मला पुढचं येतच न्हाई!" सगळे हसले, पण जातं निघालं. मी समोर बसून खुंटा धरला. घरघर सुरू झाली तशी प्रार्थनाही सुरू झाली, ती कुठं अडलीच नाही. 'रोजची भाकर' म्हणताना त्यांनी ज्वारीची मूठ घातली आणि माझ्याकडं बघून हसल्या. पिठाळ हातांनीच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना जाऊन वर्षं झाली. अजून रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात ती प्रार्थना सुरू झाली की माझी मूठ मांडीवर गोल फिरते. माझी सून कानात विचारते, "आत्याबाई, दळण सरलं का?" मी म्हणते, "न्हाई गं, समोरून अजून मूठ पडतीय."