रत्नागिरीचे दीनानाथ

रजनीकडे बोलायच्या चार जागा होत्या, आणि चारही ठिकाणी ती वेगळी बाई होती. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर ती सून होती: चतुर्थीचे मोदक, सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस. फेसबुकवर ती झाशीच्या लक्ष्मी गेट मोहल्ल्यातली भाभीजी. तिथे ती हिंदीत लिहायची, आणि शेजारणी ‘वाह भाभीजी, क्या पोहा है’ म्हणून जायच्या. इन्स्टाग्राम मुलीने, सुरभीने, काढून दिलं होतं, ते रांगोळ्यांसाठी. समईचं तेल वेगळं आणि डोक्याला लावायचं वेगळं, इतका साधा तिचा हिशेब होता.

चौथी जागा ब्लॉगची. तिथे ती ‘प्रमोदिनी’ होती. साताऱ्याहून बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, बांगड्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत राहणारी, हे तिने तिथे कुठेच लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं ते असं, की या घरात मी हसते तेसुद्धा दुसऱ्यांच्या सोयीने. मराठीत लिहिल्यावर आणखी लपवायची गरज नव्हती. झाशीत मराठी वाचतं कोण? सुरभीला समजायची, पण वाचताना ती जोडाक्षरावर अडखळायची. नवरा श्यामसुंदर बिजौलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्याच्या घराण्याची झाशीतली ही चौथी पिढी. मराठी तो वाचायचा ती पंचांगापुरती, अशी तिची समजूत.

ब्लॉगला वाचक एकच. दीनानाथ. रत्नागिरीचे निवृत्त शिक्षक, असं त्यांनीच कळवलेलं. तीन वर्षं प्रत्येक लेखाखाली त्यांच्या दोन-चार ओळी असत. ‘ताई, हा लेख दोनदा वाचला.’ रजनीचं बोलणं आजवर कुणी एकदाही धड ऐकलं नव्हतं.

म्हणून मार्चमध्ये झाशीजवळच्या बबीना गावातल्या एका शाळेने संस्कृत शिकवायला बोलावलं, तेव्हा घरात सांगण्याआधी तिने दीनानाथांना मेल लिहिली. बी.एड. होऊन तेवीस वर्षं झालीत, पुन्हा कुणी बोलावणार नाही, जाऊ का? उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ‘जाण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण वृद्ध सासूबाई दिवसभर एकट्या राहतील. एक वर्ष थांबावं, असं या म्हाताऱ्याला वाटतं.’

नवऱ्याने हेच म्हटलं असतं तर ती भांडली असती. पण ज्याचा आपल्या घराशी काडीचा संबंध नाही असा माणूस सांगतो, म्हणजे खरंच असेल. तिने शाळेला नकार कळवला. घरी कुणाला पत्ताही लागू दिला नाही.

जुलैत तिने शाळा सुरू होण्याबद्दल लिहिलं. समोरच्या गल्लीतून रिक्षा भरभरून जाणाऱ्या मुलांबद्दल. खाली दीनानाथांची ओळ आली, बहुधा घाईत लिहिलेली: ‘सुंदर. पुढच्या लेखाचा रस्ता बघतोय.’

ती वाचून पुढे गेली. मग परत आली.

रत्नागिरीचा माणूस वाट बघतो. रस्ता बघतात ते झाशीतले मराठी लोक, हिंदीतलं ‘रास्ता देखना’ उचलून. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, “श्याम तुझा रस्ता बघतोय,” आणि रजनी खिडकीत जाऊन खरोखरच रस्ता बघत उभी राहिली होती. कितीतरी दिवस घर हसत होतं. रत्नागिरीच्या मास्तरांच्या तोंडी हे यावं कुठून?

संध्याकाळी श्यामसुंदर आला, बूट काढून पेपर उघडून बसला. चहा पुढे ठेवत ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “दीनानाथराव, साखर बरोबर आहे ना?”

“हो, बरो...”

कप त्याच्या ओठापाशीच राहिला.

आतून सासूबाईंनी विचारलं, “कोण गं दीनानाथ? कुणी आलंय का?”

“आले होते, आई. गेले.”

“एकदा कॉम्प्युटरवर तुझा ब्लॉग उघडाच राहिला होता,” तो खाली बघत म्हणाला. “मी वाचलं. चांगलं लिहितेस.”

“मग तसं सांगायचं.”

“सांगितलं असतं तर लिहिणं बंद केलं असतंस.”

“आणि शाळेचं?”

“आईला कोण बघणार होतं?”

“हे तोंडावर म्हणायचं होतं. श्यामसुंदर म्हणून.”

“तोंडावर म्हटलं तर ऐकतेस कुठे तू? परक्या माणसाचं बरं मुकाट्याने ऐकलंस!” त्याचा आवाज दुखावल्यासारखा झाला. “तीन वर्षांत त्याच्याशी बोललीस तेवढं माझ्याशी कधी बोललीस?”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त झोंबलं. दोन वर्षांपूर्वी तिने लिहिलं होतं की हा माणूस मान वर न करता जेवतो. त्यानंतर तो मान वर करू लागला होता, ‘भाजी छान झालीय’ म्हणू लागला होता. वय झालं, माणूस मऊ झाला, असं समजून ती मनातून सुखावली होती. तेही तिच्याच ओळी वाचून होतं तर. तिला मिळालेली माया तिचीच चोरून तिला परत दिलेली होती.

नवऱ्यावर रागावता येतं, तो समोर बसलेला असतो. पण दीनानाथांचं काय करायचं? या घरात तिला विचारणारं ते एकच माणूस होतं, आणि त्यांचं सुतकही धरायची सोय नव्हती.

“आता मी कुणाला विचारू?” ती म्हणाली.

सकाळी तो गेल्यावर तिने शाळेत फोन लावला. “मैडम, वो जगह तो अप्रैल में ही भर गई,” तिकडची बाई म्हणाली. “आपने ही तो मना किया था.”

“हाँ जी. मैंने ही,” रजनी म्हणाली.

मग तिने ब्लॉग उघडला. एक वाक्य लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, ते श्यामसुंदरला टोमणा झालं. तिसरं त्याला पटवून देणारं झालं. कोणतंही वाक्य घेतलं तरी ते त्याच्याकडेच तोंड करून उभं राहायचं. दुपारपर्यंत पान कोरंच होतं.

त्याचा फोन आला. कारखान्यातली यंत्रं मागे घरघरत होती. “रजनी, ब्लॉग बंद नको करूस. मी वाचणार नाही. आईची शपथ.”

“कोण बोलतंय?” तिने विचारलं.

“कोण म्हणजे? मी. श्याम.”

तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला. आवाज ओळखीचा होता. एवढंच तिला सांगता आलं असतं.