तळहातावरचा चहा

आईने तोंड मिटलं आणि माझी श्रद्धा डळमळली. तिला स्मृतिभ्रंश होऊन तीन वर्षं झाली होती. बाबा गेल्यावर तिला पुण्याहून इथे परदेशात, जुरोंग ईस्टला आमच्याकडे आणलं, तेव्हा ती निदान मला नावाने हाक मारायची. मग नाव गेलं, पुढे बोलणंच थांबलं, आणि गेल्या वर्षी एक दिवस चमचा ओठांशी नेताच तिने दात घट्ट मिटले. दिवसभरात मोठ्या मिनतवारीने थोडंसं पाणी आणि पेज पोटात जाई. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही, पण असंच चाललं तर सोमवारी नाकातून नळी घालावी लागेल. आईने ती ओढून काढू नये म्हणून हात बांधून ठेवावे लागतात, हेही त्यांनी हळूच सांगितलं.

त्याच हातांनी आईने जन्मभर देवांची पूजा केली होती. इथे येतानाही तिने देव साडीत गुंडाळून आणले होते. एवढं करून तिच्या वाट्याला हेच येणार असेल तर कशाला हवी पूजा, असं म्हणून मी एक दिवस रागाने तिची पळी आणि पंचपात्र स्वयंपाकघरातल्या कप्प्यात टाकून दिलं. मी जुरोंग आयलंडवर केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. कंपनीची बस कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे सकाळी आईला भरवताना माझा एक डोळा घड्याळावर आणि एका हातात फोन असे. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुमच्या प्लांटमधला पंप नाहीये तो. त्या आई आहेत." मी चिडलो, कारण ती खरं बोलत होती.

आमच्याच कॉन्डोत, म्हणजे इमारतींच्या सोसायटीत, एक जपानी बाई राहतात, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. रविवारी दुपारी खालच्या हॉलमध्ये चटया अंथरून त्या चहाचा विधी शिकवतात. सगळे त्यांना सेन्सेई म्हणतात, म्हणजे आपले गुरुजीच. बायको त्यांच्याकडे शिकायला जाते. सोमवारच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "आईंना घेऊन जाते. तुम्हीही चला, घरात बसून कुढण्यापेक्षा बरं." मी गेलो खरा, पण मनातून कुरकुरतच. एक कप चहाला तासभर लावणाऱ्यांचं मला नेहमीच हसू येई.

दाराशी चपला काढल्या. आईची व्हीलचेअर चटईच्या कडेला लावली. सेन्सेईंनी रेशमी रुमालाची घडी घातली आणि आधीच स्वच्छ असलेला चहाचा डबा पुसला, मग लाकडी चमचा पुसला. एसीच्या घरघरीत उकळत्या पाण्याचा बारीक आवाज येत होता. स्वच्छ वस्तू परत कशाला पुसायची, असं मनात आलं आणि लगेच आठवलं की आईही रोज धुतलेल्या देवांना असंच पुसायची. मी आईकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत तिची नजर कशावर ठरली नव्हती, ती आता सेन्सेईंच्या हातांवर खिळली होती. लांब दांड्याच्या बांबूच्या पळीने त्या पाणी काढत, वाडग्यात सोडत आणि पळी परत जागेवर ठेवत.

हिरवा चहा घुसळून झाला. सेन्सेई उठल्या, आईसमोर गुडघ्यांवर बसल्या, वाडगा दोन वेळा फिरवून त्याची चांगली बाजू तिच्याकडे केली आणि वाकून नमस्कार केला. पाहुण्याने तो दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. आईने घेतला नाही. तिने पदराचं टोक डाव्या तळव्यावर घेतलं, त्यावर उजवा हात ठेवला, बोटं किंचित दुमडून खळगा केला आणि वाट पाहत राहिली. ती तीर्थ मागत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या नेमाच्या विधीत आपण घोटाळा केला म्हणून मी पुढे सरसावलो. सेन्सेईंनी एक बोट वर करून मला थांबवलं. त्यांना तीर्थ ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. त्या पुढे आलेल्या हाताकडे त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. मग वाडग्यात गार पाणी घातलं, आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहिला, आणि आईच्या तळव्यात थोडासा चहा ओतला.

आई प्यायली. ओला हात डोळ्यांना लावला, केसांवरून फिरवला आणि पुन्हा पुढे केला. असं तीनदा झालं. मग सेन्सेई माझ्याकडे वळल्या. उजव्या हातात फोन होता, म्हणून मी डावा पुढे केला.

"उजवा हात," आई म्हणाली. आठ महिन्यांत तिच्या तोंडून आलेले ते पहिले शब्द. "डाव्या हाताने घेतात का रे तीर्थ?"

फोन चटईवर ठेवला आणि लहान मुलासारखा रडलो. नंतर मी सेन्सेईंची माफी मागितली, विधी बिघडवला म्हणून. त्या तोडक्या इंग्रजीत एवढंच म्हणाल्या की तुमच्या आईइतके तयार हात मी फार थोड्या पाहुण्यांचे पाहिलेत.

घरी आल्याबरोबर कप्प्यातून पळी काढली, घासली. त्या संध्याकाळी आईने तळव्यात पळीपळीने वाटीभर पाणी घेतलं, मग ताक. सोमवारी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नळीचं सध्या राहू द्या. ती आजपर्यंत घालावी लागलेली नाही. आईचा आजार मात्र हटलेला नाही. मी कोण हे तिला कळत नाही आणि त्या दिवसानंतर ती पुन्हा बोललेली नाही. त्या दुपारी नेमकं काय घडलं, हे मला समजावून सांगता येणार नाही, आणि आता तशी गरजही वाटत नाही. मी महिनोन् महिने तिचं तोंड उघडायचा प्रयत्न करत होतो. तिने हात उघडला, तो एका परक्या बाईंना दिसला. कृपा माझ्या घाईतून वाट काढत आली, याबद्दल मी दोघींचा जन्मभर ऋणी आहे.

आता रोज सकाळी मी पळी घेऊन आईसमोर जमिनीवर बसतो. कधी तिचा हात लगेच पुढे येतो, कधी अर्धा तास येत नाही, आणि दोन-तीनदा माझी बसही चुकली आहे. तिचं झालं की शेवटची पळी माझी. फोन दुसऱ्या खोलीत असतो, आणि हात उजवाच पुढे असतो.